पाऊल आधी पडलं, तर

फ्री थ्रोच्या वेळी लेनच्या कडेला उभ्या असलेल्यांच्या पायांकडे फार निरखून बघायचं नाही, हे बास्केटबॉलच्या पंचगिरीत मी लवकरच शिकलो आणि पुढे बरीच वर्षं त्यालाच शहाणपण समजत आलो. एखादा पोरगा अर्धं पाऊल आधी आत घुसला, चेंडू रिंगला आपटून भलतीकडेच उडाला, घुसलेल्याच्या हाती काहीच लागलं नाही. मग शिट्टी कशाला फुंकायची? नुकतीच परीक्षा पास होऊन आलेले पंच अशा वेळी शिट्टी फुंकायचे, प्रेक्षक हुर्यो उडवायचे, प्रशिक्षक कपाळावर हात मारायचे आणि आम्ही जुनी मंडळी चहाच्या वेळी म्हणायचो, "होईल हळूहळू तयार." आज मी त्या नव्या पंचांच्या बाजूला जाऊन बसलोय. तीन सेकंदांच्या नियमाचं मात्र नेमकं उलटं झालं. तिथे मी कडक होतो, आता बराच सैल आहे. एकाच चौकोनातले दोन नियम, दोन्हींबद्दल माझं मत फिरलं, आणि तेही विरुद्ध दिशांना. मैदानावरच्या मित्रांना हा चक्रमपणा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ज्यांनी हा खेळ येताजाताच पाहिलाय त्यांच्यासाठी आधी जागा दाखवतो. रिंगच्या पुढ्यात जमिनीवर एक आयत आखलेला असतो. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, मापाप्रमाणे तो 4.90 मीटर रुंद आणि बेसलाइनपासून 5.80 मीटर लांब. जिथे तो संपतो ती फ्री थ्रोची रेषा. कुणी त्याला लेन म्हणतं, कुणी पेंट. 2010 पर्यंत हा आयत नव्हताच. वर 3.60 मीटर आणि खाली बेसलाइनवर 6 मीटर असा खाली पसरत गेलेला आकार होता. सिमेंटच्या जुन्या कोर्टांवर नव्या रंगाखालून त्या तिरक्या रेषा अजून डोकावतात, आणि शालेय स्पर्धांत एखादं पोर हमखास त्या जुन्या रेषेला पाय लावून उभं राहतं.

फ्री थ्रोच्या वेळी या आयताच्या दोन्ही कडांना मिळून जास्तीत जास्त पाच जण उभे राहतात. तीन बचाव करणाऱ्या संघाचे, दोन फ्री थ्रो घेणाऱ्याच्या संघाचे. रिंगच्या सर्वांत जवळची जागा दोन्ही बाजूंना बचाववाल्यांची. मग 40 सेंटिमीटरचा एक पट्टा, तिथे कुणीच उभं राहायचं नाही. त्यापलीकडे हल्ला करणाऱ्यांची जागा, 85 सेंटिमीटरची. बाकी सगळ्यांनी मागे, फ्री थ्रोच्या रेषेच्याही मागे आणि तीन गुणांच्या रेषेबाहेर थांबायचं. कडेला उभ्या असलेल्या पाचांनी चेंडू हातातून सुटेपर्यंत जागा सोडायची नाही. चेंडू टाकणाऱ्याला बंधन आणखी कडक: चेंडू रिंगला लागेपर्यंत किंवा जाळीत पडेपर्यंत त्याने रेषेला पायसुद्धा लावायचा नाही, आणि चेंडू हातात आल्यापासून 5 सेकंदांत तो टाकायचा. एनबीएत हेच 10 सेकंद असतात. 2021 च्या प्लेऑफमध्ये यानिस अँटेटोकुम्पो फ्री थ्रोला उभा राहिला की विरुद्ध संघाचे प्रेक्षक एकसुरात आकडे मोजायचे, ते पुष्कळांना आठवत असेल. तिथे निदान प्रेक्षकांना तरी नियम पाठ होता.

माझं जुनं मत हवेतून आलेलं नव्हतं. फिबाच्या नियमपुस्तकात पंचांच्या अधिकारांचं कलम आहे. निर्णय देताना नियमाचा हेतू ध्यानात घ्या, कुणाचा फायदा झाला आणि कुणाचं नुकसान झालं ते तोला, तारतम्य सोडू नका, खेळाचा ओघ उगाच तोडू नका, असा त्याचा आशय. अमेरिकेत ऑस्वल्ड टॉवर नावाचे गृहस्थ अनेक दशकं नियमपुस्तकाचं संपादन करत होते; त्यांच्या नावाने एक तत्त्वच पंचांच्या शिबिरांतून सांगितलं जातं. नियमाचं अक्षर धरून बसायचं नसतं, खेळाडूच्या कृतीचा समोरच्यावर काय परिणाम झाला ते बघून नियम लावायचा असतो. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला अगदी मोकळं वाटलं. नाही तर प्रत्येक धक्क्याला शिट्टी वाजवत बसलो असतो. दोन खेळाडू चेंडूकडे धावताना खांद्याला खांदा लागतो, कुणाचा तोल जात नाही, खेळ पुढे सरकतो. तिथे गप्प राहण्यात खरंच कसब आहे. आमच्यातल्या चांगल्या पंचाची ओळख त्याने वाजवलेल्या शिट्ट्यांइतकीच न वाजवलेल्या शिट्ट्यांवरून होते.

हेच तत्त्व मी लेनला लावलं. आधी आत आलेल्याला रिबाउंड, म्हणजे रिंगला आपटून परतलेला चेंडू, मिळाला का? नाही. मग सोडून द्या. मिळाला असेल तर बघू. त्यात सोयही होती, हे लपवत नाही. फ्री थ्रो म्हणजे पंचाला मिळणारा विसावा. पळापळ थांबलेली असते, शिट्टी तोंडातून काढून घाम पुसता येतो, टेबलाकडे एक नजर टाकता येते.

मग मुलींचा एक सोळा वर्षांखालचा सामना झाला. दुपारची वेळ, सिमेंट तापलेलं, कोर्टच्या एका कडेला कडुनिंबाची पातळ सावली आणि तिच्यात दाटीवाटीने बसलेले पालक. फ्री थ्रोला मी रिंगखाली होतो आणि माझ्या नजरेच्या टप्प्यात समोरची कड होती. पहिल्या जागी बचाव करणारी एक काटकुळी मुलगी, तिच्या शेजारी पट्टा सोडून दुसऱ्या संघाची उंच मुलगी. चेंडू टाकणारीने गुडघे वाकवले की या उंच मुलीची टाच उचलली जायची. टाकणारीचे हात कपाळापर्यंत येईतो हिचा पाय रेषेच्या आत, आणि मनगट वळून चेंडू सुटायच्या क्षणाला हिची कंबर काटकुळीच्या पुढे आडवी आलेली. पहिली जागा बचाववाल्याला देण्यामागचा सगळा हेतूच तिथे संपला होता. काटकुळी मात्र चेंडू सुटेपर्यंत थांबायची आणि मग एका पाठीमागे अडकून राहायची. चेंडू दोन्ही वेळा दुसऱ्या बाजूला उडाला. उंच मुलीला काहीच मिळालं नाही, म्हणून माझ्या हिशोबात काहीच घडलं नव्हतं.

पहिला क्वार्टर संपल्यावर ती काटकुळी माझ्याकडे आली. तक्रारीचा सूर नव्हता. "सर, हातातून सुटल्यावरच आत जायचं ना?" मी म्हटलं, हो. "म्हणजे मी बरोबर करतेय ना?" मी पुन्हा हो म्हटलं. ती मान हलवून पाणी प्यायला गेली.

पुढच्या फ्री थ्रोला ती थांबली नाही. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत दोन्ही कडांवरची प्रत्येक मुलगी गुडघे वाकलेले दिसताच आत धावत होती. चौथ्यात त्या गर्दीत एकीचं कोपर दुसरीच्या ओठावर बसलं आणि मला फाऊल द्यावा लागला. तोपर्यंत एकाही आगाऊ पावलाने कुणाला रिबाउंड मिळवून दिला नव्हता. फायदा-तोटा मी अगदी इमाने मोजत होतो, पण फक्त त्या त्या चेंडूपुरता. पुढच्या वेळी थांबायचं की नाही हे मुली माझ्या गप्प राहण्यावरून ठरवत होत्या, ते माझ्या वजाबाकीत कुठेच येत नव्हतं.

एवढ्यावरून मत बदललं असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. एका सामन्याने मत बदलणारा पंच दुसऱ्या सामन्याने पुन्हा बदलतो. मला खरा धक्का बसला तो त्यानंतर दंडाचं कलम पुन्हा वाचताना. ते मी परीक्षेसाठी घोकलं होतं, लोकांना शिकवलंही होतं, पण ते असं का लिहिलंय याचा विचार केला नव्हता.

चेंडू टाकणाऱ्याने स्वतः नियम मोडला तर बास्केट धरत नाहीत. त्याला सूट नाही. पण कडेला उभ्या असलेल्यांपैकी कुणी आधी आत आलं आणि चेंडू रिंगमध्ये पडला, तर गुण धरला जातो आणि ते उल्लंघन झालंच नाही असं मानलं जातं. चेंडू पडला नाही तरच प्रश्न येतो. आत घुसलेला टाकणाऱ्याच्या संघाचा असेल तर चेंडू विरुद्ध संघाला. बचाव करणाऱ्यांपैकी असेल तर फ्री थ्रो पुन्हा. दोन्ही संघांचे घुसले असतील तर जंप बॉलची परिस्थिती, म्हणजे टेबलावरचा बाण ज्याच्याकडे असेल त्याला चेंडू.

आता हे नीट बघा. चेंडू आत पडला म्हणजे रिबाउंडच नाही, म्हणजे आधी आलेल्या पावलाने कुणाचं काही गेलं नाही, म्हणून दंड नाही. चेंडू बाहेर आला म्हणजे रिबाउंडसाठी झगडा आहे, आणि त्या झगड्यात अर्ध्या पावलाला किंमत आहे, म्हणून दंड आहे. कुणाचा फायदा झाला हे तोलून मगच हे कलम लिहिलेलं आहे. सूट कुठे द्यायची आणि कुठे नाही हे लिहिणाऱ्यांनी ठरवून टाकलंय. मी त्या सुटीवर माझी आणखी एक सूट चढवत होतो, आणि तिला तारतम्य म्हणत होतो.

अमेरिकन नियमांशी ताडून पाहिलं की हे आणखी स्पष्ट होतं. मार्च 2012 मध्ये तिथल्या विद्यापीठांच्या एनसीएए स्पर्धेत नोटर डेम आणि झेवियर यांचा सामना होता. शेवटचे तीन सेकंदही उरलेले नव्हते. नोटर डेमच्या जेरियन ग्रँटने टाकलेला फ्री थ्रो आत पडला, पण त्याचा सहकारी एरिक ॲटकिन्स तीन गुणांच्या रेषेमागून चेंडू सुटण्याआधीच पुढे आला होता. पंचांनी शिट्टी दिली. गुण गेला, चेंडू झेवियरला मिळाला आणि झेवियरने सामना 67-63 असा जिंकला. ॲटकिन्स रिंगपासून कितीतरी लांब होता. रिबाउंडच्या झगड्यात त्याचा काही वाटा असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण रिबाउंड झालाच नाही. पण तिथल्या नियमाप्रमाणे टाकणाऱ्याच्या संघातल्या कुणीही नियम मोडला तर गुण मिळत नाही, चेंडू पडो वा न पडो. फिबाच्या नियमाने तो गुण सरळ धरला गेला असता. त्या पंचांनी नियमाप्रमाणेच निर्णय दिला, तरी असा निर्णय द्यायला हात धजावत नाही हे मी समजू शकतो. तिथला एखादा पंच म्हणाला की अशा पावलाकडे मी काणाडोळा करतो, तर त्याच्या म्हणण्याला बूड आहे. नियमाने न दिलेली सूट तो देतोय. आपल्याकडे ती सूट छापूनच आली आहे. अमेरिकन पंचांच्या व्याख्यानांतून उचललेलं शहाणपण मी अशा नियमाला लावत होतो, ज्याला त्याची गरजच नव्हती.

आणखी एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली. ओघ तोडू नका असं पंचांच्या अधिकारांचं कलम सांगतं. फ्री थ्रोच्या वेळी कसला ओघ? घड्याळ थांबलेलं असतं. दहाच्या दहा जण उभे असतात. चेंडू पंचाच्या हातातून जातो. सबंध सामन्यात खेळाडूला अमुक क्षणापर्यंत थांब असं सांगणाऱ्या आणि ते सगळ्यांना दिसणाऱ्या जागा थोड्याच, त्यातली ही एक. कबड्डीत चढाई करणाऱ्याने कुणाला न शिवता आणि निदान रेषा न ओलांडता पाठ फिरवली तर तो बाद. रेषा न ओलांडल्याने त्याचा काय फायदा झाला, असं पंचाला कुणी विचारत नाही. बास्केटबॉलमध्ये अंगाला अंग लागतं तिथे तोलमोल लागतो, कारण किती लागलं, कुणी लावलं, त्याने काय बिघडलं हे सगळं त्या क्षणाला ठरवायचं असतं. कलमातलं ओघ न तोडण्याचं वाक्यही अशा किरकोळ अंगस्पर्शाबद्दलच आहे, हेही मी पुन्हा वाचलं तेव्हाच पाहिलं. पाय रेषेच्या आत होता की नव्हता यात तोलण्यासारखं काय आहे?

इथून गाडी तीन सेकंदांकडे वळली.

आपला संघ विरुद्ध बाजूच्या अर्ध्या मैदानात चेंडू बाळगून असताना, घड्याळ चालू असताना, खेळाडूने विरुद्ध संघाच्या लेनमध्ये सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त राहायचं नाही. या नियमाबद्दल मी कडवा होतो. मनात मोजायचो, तीन झाले की शिट्टी. बाहेरून 'तीन सेकंद, तीन सेकंद' ओरडणाऱ्यांना मी दाद देतो असं दिसू नये म्हणून कधी कधी उलट उशीर करायचो, ते सोडा. या नियमाला वचक आहे, नियम वाजवणारा पंच दिसतो, आणि फुंकायला सोपा आहे, असं मला वाटायचं. त्या 'सोपा'बद्दल आता शंका आहे. तीन सेकंद मोजायला माझ्या हातात घड्याळ नसतं. माझं एक-दोन-तीन चेंडूच्या वेगाप्रमाणे आणि माझ्या दमाप्रमाणे लांबतं आणि आखडतं. पहिल्या क्वार्टरमधले माझे तीन सेकंद आणि चौथ्यातले तीन सेकंद सारखे असतात अशी शपथ मी घेणार नाही. मोजणी सुरू कधी करायची, तो आत आला तेव्हा की मला दिसला तेव्हा, हासुद्धा अंदाजच.

आणि हा नियम आला कशासाठी? 1930 च्या दशकात अमेरिकेत रिंगखाली पाय रोवून उभ्या राहणाऱ्या धिप्पाड खेळाडूंपुढे बाकीच्यांचं काही चालेना, म्हणून. पुढे जॉर्ज मायकनसारखा उंच खेळाडू आला तेव्हा एनबीएने 1951 मध्ये लेन 6 फुटांवरून 12 फूट केली, आणि विल्ट चेंबरलेनच्या काळात, 1964 मध्ये, 16 फूट. एकेका माणसाला रिंगपासून लांब ढकलण्यासाठी रेषाच सरकवल्या गेल्या. म्हणजे हा नियम ठाण मांडून बसणाऱ्याविरुद्ध आहे. चेंडू पलीकडच्या बाजूला, आणि एखादा जड पोरगा आपल्याच संघातल्या धावणाऱ्याला वाट देताना लेनच्या कडेवर अर्धा क्षण जास्त रेंगाळला, तर त्याने कुणाची जागा अडवली? माझ्या मते कुणाचीच नाही. शिवाय या कलमात सूट कशी लिहिली आहे बघा: जो बाहेर पडायचा प्रयत्न करतोय त्याला सांभाळून घ्या, सहकारी चेंडू टाकत असेल आणि चेंडू हातातून सुटत असेल तर सांभाळून घ्या, तीन सेकंद पुरे व्हायच्या आत चेंडू घेऊन बास्केट टाकायला निघालेल्याला सांभाळून घ्या. प्रयत्न करतोय की नाही हे पंचानेच ठरवायचं. इथे नियम पंचाला तारतम्य वापर म्हणून हातच देतो. फ्री थ्रोच्या कलमात सूट ठरवून दिली आहे, इथे ती पंचावर सोपवली आहे. मी दोन्ही ठिकाणी नेमकं उलटं वागत होतो.

(जाता जाता: रिंगखाली लागोपाठ रिबाउंडची झोंबाझोंबी चालू असते तेव्हा गॅलरीतून 'तीन सेकंद'चा गजर होतो. चेंडू टाकलेल्याच्या हातातून सुटला की कुणाच्याच संघाचा ताबा नसतो, आणि ताबा नाही तर मोजणीच नाही. हे पंचांनी कितीदा सांगितलं तरी गजर थांबत नाही, आणि थांबूही नये. तेवढी करमणूक हवीच.)

आता लेनवर कडक व्हायचं ठरवलं म्हणजे बघायचं कसं, हा प्रश्न येतो, आणि तो माझ्या जुन्या मतापेक्षा अवघड निघाला. डोळा एकाच वेळी टाकणाऱ्याच्या बोटांवर आणि पाच जणांच्या पायांवर ठेवता येत नाही. दोघे पंच कडा वाटून घेतात आणि टाकणाऱ्यावर एकाचं लक्ष राहतं; तीन पंच असतील तर बाजूला उभ्या असलेल्या पंचाकडे टाकणारा जातो. तरीही ज्याच्याकडे कड आहे त्याला चेंडू सुटल्याचा क्षण कळायला हवा. बोटांकडे बघितलं तर पाय निसटतात. पायांकडे बघितलं तर सुटण्याचा क्षण निसटतो. मी पाय बघतो आणि टाकणाऱ्याचे हात नजरेच्या कोपऱ्यात ठेवतो. पहिल्या फ्री थ्रोला त्याची लय पाहून घेतो: कुणी चेंडू तीनदा आपटतो, कुणी एकदा श्वास सोडतो, कुणी वर बघून क्षणभर थांबतो. लेनमधले तरबेज खेळाडूही हीच लय शिकून घेत असतात. टाच उचलणं चालतं, झुकणं चालतं; पाय रेषेवर किंवा आत टेकला की संपलं. मधल्या 40 सेंटिमीटरच्या पट्ट्याचंही तसंच. तिथे पाय सरकवून शेजाऱ्याला चेपायचं ही जुनी खोड आहे, आणि मी आता तीही बघतो. बचाव करणाऱ्याने हात हलवून किंवा मोठ्याने खाकरून टाकणाऱ्याचं लक्ष उडवलं तर तेही उल्लंघनच, पण त्यावर शिट्टी वाजवणारे पंच मी बोटांवर मोजण्याइतके पाहिलेत.

पहिल्या फ्री थ्रोच्या आधी मी दोन्ही कडांना ऐकू जाईल असं सांगतो, "हात सुटेपर्यंत थांबा." एकदाच. काही सहकाऱ्यांना हे सांगणंही लाड वाटतं. मला नाही वाटत. सांगून शिट्टी वाजवली की कुणाला कट रचल्यासारखं वाटत नाही. पहिल्या क्वार्टरमध्ये दोन शिट्ट्या झाल्या की पुढे लेन शांत होते, हा माझा आताचा अनुभव आहे. याच्या उलट, चौथ्या क्वार्टरमध्ये अचानक जागा झालेल्या पंचाची शिट्टी सगळ्यांना बोचते, आणि बोचायलाच हवी.

आक्षेप घेणारे कमी नाहीत. एका प्रशिक्षकांनी मला सामन्यानंतर गाठून विचारलं, "साहेब, आमची पोरं काय परेडला आणली का?" त्यांच्या संघाचा बचाववाला आधी आत आला होता, फ्री थ्रो पुन्हा दिला, आणि तो पडला. एका गुणाने ते हरले नाहीत, पण राग होता. मी त्यांना दंडाचं कलम सांगितलं. ते म्हणाले, कलम आम्हालाही माहीत आहे, पण बाकीचे पंच देत नाहीत. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरं होतं, आणि त्या बाकीच्यांत मी बरीच वर्षं होतो. एका जिल्ह्यात एक पंच लेन बघतो, दुसरा बघत नाही. मुलांनी शिकायचं काय? मुंबईत नागपाड्याच्या कोर्टवर, जिथून अब्बास मुंतसिर यांच्यासारखा भारतीय संघाचा कर्णधार आला, तिथले बाकावरचे म्हातारे पंचांइतकेच नियम जाणतात असं म्हणतात. अशा ठिकाणी पंच बदलला म्हणून लेन बदलत असेल तर ते लगेच पकडतील. सगळीकडे तसे म्हातारे नसतात.

एक मित्र वेगळ्याच बाजूने भिडतो. तो म्हणतो, तू कडक झालास ते तुला नियम कळला म्हणून नव्हे, तुझं वय झालं म्हणून. तरुणपणी पंचाला खेळ चालू ठेवायची हौस असते, पुढे पुढे बरोबर ठरायची. मी त्याला तीन सेकंदांचं उदाहरण दिलं: तिथे मी सैल झालोय, मग वयाचं गणित कसं जमणार? तो म्हणाला, तिथे तुझी मोजणी मंदावली आहे. यावर आम्ही दोघंही हसलो. पण घरी येताना मी मनात एक-दोन-तीन म्हणून मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. त्याला ते सांगितलेलं नाही.

एका बाबतीत मात्र मी अजून अडकलेलो आहे. बाजूला उभ्या असलेल्यांसाठी नियम उदार आहे, पण टाकणाऱ्यासाठी नाही. त्याचा पाय रेषेला लागला आणि चेंडू पडला तरी गुण जातो. मोठ्यांच्या सामन्यात मला त्यात अडचण वाटत नाही. मागे लागायला कुणी नाही, वेळ आहे, रेषा समोर आहे. पण दहा-बारा वर्षांची मुलं मोठ्यांच्या कोर्टवर, मोठ्यांच्या रिंगवर खेळतात तेव्हा त्यांना चेंडू तिथवर पोचवण्यासाठी सगळं अंग पुढे फेकावं लागतं, आणि उतरताना पाय रेषेवर पडतो. मिनी बास्केटबॉलचे नियम आहेत, त्यात फ्री थ्रोची रेषा बोर्डपासून 4 मीटरवर आणि रिंग 2.60 मीटर उंचीवर असते. पण आपल्या कितीतरी शाळांत ती रेषा रंगवलेलीच नसते आणि रिंग खाली आणता येत नाही. अशा सामन्यात मी आयोजकांना आधीच विचारतो की रेषा पुढे घेता येईल का. खडूने एक रेघ मारली तरी चालते. कधी ते हो म्हणतात. नाही म्हणाले तर पहिल्या पोराचा पाय रेषेवर पडतो, चेंडू जाळीतून खाली येतो, तो आनंदाने बाकाकडे बघतो, आणि मी शिट्टी तोंडात धरून दोन्ही बाजूंचा विचार करत असतो. बहुतेक वेळा वाजवतो. दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांनी सामन्याआधी एकमताने रेषेची सवलत मागितली, तर ती देतो आणि टेबलावर तशी नोंद करायला सांगतो.